वेणी सोडताना

काल पुतणी केसांना तेल लावून घ्यायला माझ्या पुढ्यात बसली. सातवा महिना लागलाय तिला. खोबरेलाचा वास आला आणि वेणीजवळ गेलेला माझा हात थांबला. मी म्हटलं, "सोडू गो?"

"इचारतंस कित्याक, आत्ये?" ती हसली.

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट, मी तेव्हा नवीन नर्स होते. कळा सुरू झालेली एक मुलगी वॉर्डात आली, बावीस वर्षांची. तिच्यावर जबरदस्ती झाली होती, हे केसपेपरवर होतं आणि मी ते वाचलं होतं. आमच्या मालवणाकडे बाळंतपणाच्या खोलीत गाठ ठेवत नाहीत, बाईचे केससुद्धा मोकळे करतात, म्हणजे सुटका लवकर होते. मी मागून जाऊन तिची तेलकट वेणी हातात घेतली. ती किंचाळली, खाटेवरून उतरून भिंतीला चिकटली. मी डाफरले, "गप झोप."

कळ ओसरल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, हात लावच्या आधी माका इचारा." मग तिने वेणी स्वतःच सोडली.

बाळ सुखरूप झालं. केसपेपरवर मी लिहिलं, 'पेशंट सहकार्य करत नाही.'

कित्येक वर्षं त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आता रिटायर झाल्यावर ते अक्षर डोळ्यांपुढून हलत नाही. मी उठते, पाणी पिते, पुन्हा येऊन बसते. तिला न विचारता धरणारी मी दुसरी होते, आणि तक्रार मी तिचीच लिहिली.