शेजारणीचा मोह

मोहफुलं वाळत घातल्याचा गोडसर वास आला की गडचिरोलीकडच्या आमच्या गावातला एक रविवार आठवतो. पहाटे आपापला मोह वेचून आम्ही प्रार्थनेला जमलो होतो. एकटी राहणारी शेजारीण तापानं दवाखान्यात होती. ती आमच्या धर्माची नव्हती, पण तिच्या झाडाखाली पडलेली फुलं येताना सगळ्यांनीच पाहिली होती. ऊन चढलं की गुरं ती खाऊन टाकणार. पाळकांनी उघडलेलं बायबल मिटलं. "टोपल्या घ्या. येशू तिथीच भेटन." "अन् प्रार्थना?" एका म्हातारीनं विचारलं. "मान तं तिथीबी खालीच राह्यते, बाई." आम्ही गात गात तिचा मोह वेचला आणि तिच्याच अंगणात वाळत घातला. आता शहरातल्या चर्चमध्ये प्रार्थनेला मान झुकवली की माझी बोटं आपोआप फुलं शोधू लागतात.