विमानाचा कागद

तेहेतीस साली मी, नागू, कर्जतच्या टपालात होतो. डोंगराखालच्या वाड्यांचं टपाल माझ्याच माथी. एवढ्या नोकरीत एकच कागद लवकर पोचवल्याचं मला वाईट वाटतं. तो आवडी नावाच्या बाईचा.

आवडी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन कर्जतच्या बाजारात यायची. मैलबिल तिला ठाऊक नव्हते. मोळी वाटेत किती वेळा टेकवली, त्यावर तिची वाट मोजली जायची. वाडीपासून कर्जत चार वेळा, नेरळ सात वेळा. आणि ते कधी चुकायचं नाही.

तिचा एकुलता एक मुलगा धाऊ कराचीच्या बंदरात हमालीला गेला होता. दोन वर्षं त्याची खबर नाही. मग एक दिवस त्याचा कागद आला, वर विमानाच्या टपालाची चिठ्ठी डकवलेली. मी तिच्या अंगणात बसून वाचला, "आये, काम सुटलं. आज निघतो." वाचून गप्प बसावं की नाही? पण मी पडलो अतिशहाणा. म्हटलं, "मावशे, हा कागद काल सकाळी कराचीत होता. सहाशे मैल. दुपारी मुंबईत उतरलासुद्धा."

"म्हंजे एका दिसाची वाट."

"विमानाला गं. धाऊ बोटीनं येल, नायतर गाडीनं."

"निरोप आन् माणूस एकाच पायानं चालतात रं. कागद काय माझ्या धाऊपक्षा तगडा हाय?"

तिच्या वाडीत निरोप माणूसच पोचवायचा. मी तिला हिशेबानं समजवायला गेलो. विमान तासाला शंभर मैल, मग बोट किती, ती सुटते कधी, धाऊ तीत बसला तरी का? बोलता बोलता माझंच डोकं फिरलं. तिनं उठून धाऊसाठी नाचणीच्या भाकऱ्या थापायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी धाऊ आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्या वाडीची रीत अशी, की निघाल्याचा निरोप आला आणि वाटेच्या तिप्पट वेळात माणूस आला नाही, तर त्याला रानानं नेलं म्हणायचं आणि मेलेल्यासारखं रडायचं. मी घसा फोडून सांगितलं, थांबा. तर आवडी म्हणे, "एक दिस तूच म्हनालास ना?" म्हणालो होतो. चौथ्या दिवशी आवडी धाऊला रडली. त्याचा कोयता तिनं ओढ्याकाठी पुरला.

नवव्या दिवशी धाऊ आला, डोक्यावर पत्र्याची पेटी. बोटीत जागा मिळेना म्हणून सहा दिवस बंदरावरच पडून होता. विमानानं कागद धाडला तो हौसेनं, आईला आधी कळावं म्हणून.

आवडी दारात आडवी उभी राहिली. ज्याचं रडणं झालं त्याला त्या दारानं घेत नसत, जुन्या नावानं हाकही मारत नसत. "आये, मी धाऊ," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. तिनं पदर तोंडात धरला. मग घरामागं गेली, कारवीच्या कुडाच्या भिंतीला विळ्यानं भगदाड पाडलं, त्याला हाताला धरून आत ओढलं आणि नवं नाव देऊन म्हणाली, "ये, पोशा." मला काही तिथं उभं राहवेना.

महिन्यानं कराचीहून धाऊच्या नावाचा आणखी एक कागद आला, साध्या टपालानं. मी वाडीत नेला. आवडीच्या अंगणात चार माणसं बसली होती.

"धाऊ गेला," आवडी म्हणाली. मागं पोशा कूड लिंपत होता. त्यानं वर पाहिलं आणि मान खाली घातली.

कागदावर शेरा काय मारावा मला समजेना. तसाच पिशवीत टाकून निघालो. ओढ्याशी पोचलो तर मागून आवडी धापा टाकत आली. आजूबाजूला कोणी नाही हे तिनं दोनदा पाहिलं.

"वाच रं नागू," ती हळूच म्हणाली. "माझ्या धाऊला काय लिवलंय?"