तीन मिसकॉल

अंबडच्या ज्या कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर होतो, तिथे डब्यांत थिनर भरलं जायचं. थिनरच्या वाफेला एक ठिणगी पुरते, म्हणून मोबाइल गेटवरच ठेवायचा. तिथे लाकडी खणांचं कपाट होतं आणि कपाटापुढे आमचे वॉचमनकाका. मनमाडकडचे, ठेकेदाराचे माणूस. मॅनेजरलासुद्धा खिसे उलटे करून दाखवायला लावायचे. शेडच्या दारात पिवळा पट्टा होता. "फोन पट्ट्याच्या आत, तर तुम्ही नोकरीच्या बाहेर!" हे वाक्य माझंच. दर सोमवारी भाषणात ते म्हणायचो आणि स्वतःवरच खूश व्हायचो.

माझी आई चांदवडला. फोनवर बोलणं फुकट होऊन जमाना झाला, तरी ती मिसकॉलच द्यायची. एक म्हणजे जेवणं झाली, सगळं ठीक. दोन म्हणजे सवडीनं फोन कर. तीन म्हणजे असशील तसा निघ. आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, छातीत कळ येऊन गेल्यापासून त्या तिसऱ्या मिसकॉलची मला धास्तीच बसली होती. म्हणून मी काकांना हळूच सांगून ठेवलं, "माझ्या खणात तीन वाजले, तर आत इंटरकॉमवर कळवा." हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. काका म्हणाले, "तुमच्या आईचं म्हंजी आपलंच काम हाय."

एका दुपारी माझ्या खणात तीन मिसकॉल वाजले. काकांनी इंटरकॉम उचलला, तर तो बंद. मग ज्या माणसानं कुणाला कधी पट्ट्याजवळ फोन नेऊ दिला नाही, त्यानं माझा फोन खणातून उचलला आणि तसाच शेडमध्ये धावत आला.

"साहेब, तीन! तीन झाले!"

माझी भाषणं वाया गेली नव्हती. सगळ्यांनी झडपा बंद केल्या आणि एका रांगेत, न बोलता, बाहेर पडले. आत उरलो आम्ही दोघं, एकमेकांवर ओरडत. काकांना दंडाला धरून मी पार गेटपर्यंत ओढत नेलं. वाटेत त्यांना जे बोललो, त्याची आजही लाज वाटते.

गेटवर पोचताच फोन लावला.

"आई, आण्णा कसे आहेत?"

"झोपलेत. अरे, गॅस संपलाय, नंबर लावून दे."

"मग तीन मिसकॉल कशाला?"

"तीन कुठले? जेवल्यावरचा एक. मग गॅसचे दोन."

मला हसावं की रडावं कळेना. काका टोपी मांडीवर घेऊन स्टुलावर बसले होते. "साहेब, मला काढतील ना?"

काढलंच असतं. संध्याकाळपर्यंत मला रिपोर्ट द्यायचा होता, आणि 'वॉचमनने नियम मोडला' एवढं वाक्य पुरेसं होतं. खोटंही नव्हतं. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. शेवटी सगळंच लिहिलं: आईचे मिसकॉल, मी काकांना परस्पर लावलेलं काम, आणि तो इंटरकॉम, जो आठवडाभर खरखरत होता आणि ज्याची तक्रार मी केलीच नव्हती. मॅनेजरनं हसू दाबत वाचलं. काकांना ताकीद मिळाली. मला आठवडाभर गेटची ड्यूटी, काकांच्या हाताखाली. पहिल्याच सकाळी त्यांनी माझे खिसे तपासले.

तिसऱ्या दिवशी भरणीवरच्या एका माणसाच्या खणात फोन वाजला. स्क्रीनवर 'घर'. थांबला, पुन्हा 'घर'. पुन्हा. त्याच्या बायकोचे दिवस भरले होते, हे सगळ्या शिफ्टला माहीत होतं. इंटरकॉम 'उद्या' दुरुस्त होणार होता. मी उठून धावत सुटणार, इतक्यात काकांनी माझं मनगट धरलं. पाहतो तर त्याचा फोन माझ्या मुठीत. कधी उचलला, माझं मलाच कळलं नव्हतं.

"फोन हितंच ऱ्हाऊ द्या, साहेब," काका म्हणाले. "पाय तेवढे न्या."