उमेदवारबाईचे यजमान

आमच्या दाजींइतकी माणसं सबंध परभणी जिल्ह्यात कुणी दुखावली नसतील, आणि दुखावलेल्या माणसांकडून जेवणाची एवढी आमंत्रणंही कुणाला आली नसतील. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. चुडाव्याच्या अलीकडे एका रेल्वे फाटकावर त्यांनी तीस वर्षं गेटमन म्हणून काढली. फाटक पडलं की दोन्ही बाजूंना मोटारसायकली, बैलगाड्या, उसाचे ट्रॅक्टर, वऱ्हाडाच्या जीपगाड्या थांबायच्या, आणि थांबलेल्या माणसाला पळून जाता येत नाही हा शोध दाजींना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात लागला. असा श्रोता वक्त्याला नशिबानेच मिळतो. मालगाडी लांबलचक असली की दाजी विषयात खोल शिरत.

त्यांचा विषय एकच, समोरचा माणूस. हॉर्न वाजवणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला ते शेजारच्या गाडीचे बैल दाखवत आणि यांच्यापासून काही शीक म्हणत. एका नवरदेवाला त्यांनी सगळ्या वऱ्हाडादेखत विचारलं होतं की दहावी शेवटी निघाली का. एकदा कुठल्याशा बड्या साहेबांची गाडी अडकली आणि ड्रायव्हर खाली उतरून साहेबांचं पद सांगू लागला. दाजी म्हणाले, "इंजिनाला पद कळत न्हाई, मग मला कळून काय उपयोग?" वर साहेबांना स्वतःच्या माठातलं गार पाणी दिलं आणि ते पिता पिता पोट लय सुटलंय हेही सांगून टाकलं. यात विखार मात्र नावाला नव्हता. ज्याला बोलत त्याच्या पोराची परीक्षा कशी गेली, म्हैस व्याली का, हे पुढच्या वेळी आठवणीने विचारत. त्यामुळे माणसं चिडत, आठ दिवस दुसऱ्या रस्त्याने जात आणि घरात लग्न निघालं की पत्रिका मात्र आधी फाटकावर आणून देत.

अक्का त्यांच्या अगदी उलट, मोजकं बोलणारी. बावीस वर्षं तिने अंगणवाडी चालवली. कुणाचं लेकरू अशक्त आहे, कुठल्या म्हातारीचा निराधार योजनेचा अर्ज कुठल्या टेबलावर अडकला आहे, सगळं तिला तोंडपाठ. ती निवृत्त झाली आणि त्याच सुमारास आमचा पंचायत समितीचा गण महिलांसाठी राखीव सुटला. अक्का म्हणाली, मी उभी राहते. माझ्या बहिणीने जन्मात पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागितलं होतं. इतकी वर्षं ती ज्या टेबलांपुढे उभी राहिली, त्यांच्या पलीकडच्या खुर्चीत तिला एकदा बसायचं होतं.

तिला पक्षाचं तिकीट मिळालं खरं, पण तालुकाध्यक्षांच्या डोक्यात गणित वेगळंच होतं. बाई सहीपुरती, कारभार गेटमनसाहेब बघतील, असं ते उघड म्हणत. फ्लेक्सवर त्यांनी अक्काचा फोटो पासपोर्ट साइजचा छापला आणि दाजींचा पार कमरेपर्यंत. दाजी त्या फ्लेक्सकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि उमेदवार नक्की कोण आहे असं छापणाऱ्यालाच विचारून आले.

दाजींना प्रचाराला न्यायची दुर्बुद्धी माझी. मी विचार केला, या माणसाला गणातलं एकूण एक घर ओळखतं. एकूण एक घराने त्यांच्याकडून काही ना काही ऐकून घेतलेलं आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही. पहिल्याच दारात घरमालकांनी हसून हात जोडले, तर दाजींनी त्यांचं तंबाखू सोडायचं काय झालं याची चौकशी मांडली. पुढच्या गल्लीत बायकांनी हातपंप मागितला. प्रयत्न करू, असं अक्का म्हणणार तोच दाजी म्हणाले की इथं सगळा खडक आहे, पाणी लागायचं नाही, मागायचाच तर शाळेच्या मागं मागा. एका घरी तर त्यांनी विरोधी उमेदवारबाईंच्या हातच्या वरणाची अशी तारीफ केली की त्या घरातल्या म्हातारीने मत तिकडेच द्यायचं ठरवलं. मी रिक्षातल्या भोंग्याचा आवाज वाढवत होतो, पण दाजींचा आवाज तीस वर्षं रेल्वेच्या शिट्टीशी झगडलेला होता. आमचा भोंगा त्यापुढे कुठे टिकणार!

आणि मग ताडकळसचा बाजार आला. बाजाराला सगळ्या गावांची माणसं येतात म्हणून कोपऱ्यावर सभा ठेवली होती. अध्यक्षांनी दणक्यात सांगितलं की अक्कांना मत म्हणजे दाजींना मत, बाई सही करतील आणि काम दाजी करतील. टाळ्या पडल्या. दाजी उठले, अध्यक्षांच्या हातातला माईक त्यांनी काढून घेतला आणि म्हणाले, "अध्यक्षांचं चुकायलंय. मला फाटक पाडता येतंय आन उघडता येतंय, दुसरं काई येत न्हाई. सगळं हिला कळतंय. माझ्याकडं बघून मत देणार असाल तर ते समोरच्या बाईला द्या. हिच्याकडं बघून देणार असाल तरच हिला द्या."

भाजीवाल्यांचं ओरडणंसुद्धा थांबलं. मग असा हशा उसळला की अध्यक्ष स्टेजच्या मागच्या बाजूने उतरून गेले. तिन्हीसांजेच्या आत प्रत्येकाच्या मोबाइलवर दाजी होते. पण व्हिडिओ कापलेला होता. त्यात दाजी एवढंच म्हणत होते की मत समोरच्या बाईला द्या, आणि खाली मथळा होता, उमेदवाराच्या नवऱ्याचा जाहीर पाठिंबा. मी दारोदार फिरून अख्खा व्हिडिओ दाखवत होतो, पण अख्खा बघायला वेळ कुणाला? मतदानापर्यंत दाजींना ओट्यावरून हलू द्यायचं नाही, असा अध्यक्षांचा हुकूम सुटला. मग लोकच ओट्यावर येऊन त्यांना ऐकू लागले. त्यात विरोधी पक्षाचेही होते, आणि त्यांना अक्काच्या घरचा चहा मिळत होता.

अक्का एकोणीस मतांनी हरली.

त्या दिवसापासून दाजी गप्प झाले. दुधात पाणी आलं तरी मुकाट पिऊन घेतलं. शेजारच्याने दाराला भडक हिरवा रंग दिला, त्यावरही अवाक्षर नाही. माणूस आजारी पडला की काय, म्हणून ज्यांना आयुष्यभर बोलले तीच माणसं विचारपूस करून जाऊ लागली. अक्काही त्यांना काही बोलत नव्हती आणि मला त्या घरात बसवेना.

चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा ती ज्वारी निवडत होती. दाजी उंबऱ्यात बसले होते. तिच्या सुपाकडे बघत ते म्हणाले, "माझ्यामुळं गेली तुझी खुर्ची."

"गेलीच की," अक्का म्हणाली. "तुमच्यामुळंच गेली. मला पाहिजे होती ती. लय रडले मी." तिने सूप खाली ठेवलं. "पन लग्नाला पस्तीस वर्षं झाली, हिला कळतंय असं तुमी कधी म्हणला न्हाईत. त्या दिवशी भर बाजारात म्हणलात. खुर्चीत बसले असते तरी मला तसं कुणी म्हणलं नसतं." दाजींनी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. अक्का म्हणाली, "आता घरात बी म्हणत जा अधूनमधून. त्याच्यासाठी ताडकळसला काहून जावं लागतंय?"

दाजी उठले, तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि सुपातले खडे वेचू लागले. त्या दोघांचा मला तेव्हा हेवा वाटला, आणि त्या खुर्चीचं वाईट मला आजही वाटतं.