उलटा दिलेला कागद

आंधळ्या मुलीच्या न्हाणीघराला कडी कशाला हवी, असं तुम्हालाही वाटतं का?

आमच्या अधीक्षकांना वाटायचं. शेवगावकडच्या एका निवासी अंधशाळेत मी दहा वर्षं काढली. आतून कडी मागितली की सर हसायचे. "तुमाला कुठं काय दिसतंय? मग लाजता कुनाला?"

दिसत नव्हतं. दाराशी कुणीतरी श्वास घेतलेला ऐकू यायचा.

मिरजगावच्या नसरीननं अंघोळच सोडली. घाणेरडी ठरवून तिला घरी धाडलं. तिचे अब्बा न्यायला आले, तर सर म्हणाले, "चाचा, पोरीला वळण न्हाई लावलं तुमी." अब्बांनी माफी मागितली. मी शेजारीच उभी होते.

मग वर्धापनदिन आला. शाळेचा इतिहास मी वाचायचा होता. म्हणजे वाचायचा नाहीच. सरांनी तो पाठ करून घेतला होता. भाड्याची खोली, मग दात्यांची नावं. शेटजी, साहेब, अण्णा. मुलांचं एकही नाव नाही. फोटोसाठी सरांनी कपाटातून ठिपक्यांचा कुठलातरी कागद काढला.

"नुसती बोटं फिरव. पाव्हन्यांना काय कळतंय!"

सरांनाही कळत नव्हतं. ऑफिसात ब्रेल कुणालाच येत नव्हती आणि शिकवणाऱ्या बाईंना ते कपाट उघडायला मनाई होती. कागद त्यांनी उलटा दिला होता.

मंचावर मी तो सुलटा केला. "भाड्याच्या एका खोलीत..." तोंड पाठ केलेलं बोलत होतं, बोटं वाचत होती. आमच्या तक्रारपेटीत टाकलेला, कुणी न वाचताच कपाटात गेलेला कागद. खाली नसरीनचं नाव.

थांबले. मग बोटांखालचं मोठ्यानं वाचलं. "सर, न्हाणीघराला आतून कडी लावा. दाराशी माणूस उभा असतो. मी हे तिसऱ्यांदा लिहितेय."

टाळ्या पडल्या. सवयीच्या. मग एकेक हात थांबत गेला.

सरांनी माईक बंद केला. कानाशी म्हणाले, "भाकर कुनाची खाती गं?"

"माझ्या वाट्याची."

त्यांनी कागद ओढला. मी सोडला नाही. तो फाटला. अर्धा आजही माझ्याकडं आहे.

कडी अजून लागलेली नाही. आत लहान मुली आहेत. त्या शाळेचा इतिहास आता मी लिहितेय, आणि त्यात दात्यांना जागा नाही.

तुम्ही वाढदिवसाला अशा शाळांत गोडधोड घेऊन जाता. पुढच्या वेळी ब्रेल येणारं माणूस सोबत न्या. ताट वाढण्याआधी तक्रारपेटी उघडायला लावा. मग मुलींच्या न्हाणीघरात जाऊन दार आतून लावून पाहा. लागलं नाही, तर कडी बसेपर्यंत तिथून हलू नका.