आत्याचा कोरडा संडास

माझी आत्या घरं काढते. म्हणजे कागदावर काढते. मग लोक ती जमिनीवर बांधतात आणि बांधता बांधता त्यांची पार वाट लावतात. "मॅऽडम, आम्हाला नाऽ, अगदी साऽधं घर हवंय, निसर्गाच्या कुशीत," असं कोणी म्हणालं की दुधात माशी सापडल्यासारखा तिचा चेहरा होतो. पुढचं वाक्य तिला पाठ असतं. त्या कुशीत एक पोहायचा तलाव हवा असतो, गालिच्यासारखी हिरवळ आणि तीन गाड्यांची शेड.

तिचा पहिला प्रश्न ठरलेला. खोल्या किती, मजले किती, ते नंतर. "तुमच्या घरातलं घाण पाणी शेवटी जातं कुठे?" लोक एकमेकांकडे असे बघतात, जणू तिने कोणाचं तरी लफडं विचारलं. मग घरातला कर्ता माणूस घसा खाकरतो. "खाली."

"खाली म्हणजे कुठे?"

"खाली म्हणजे... खालीच की!"

आत्या म्हणते, बटण दाबलं की माणसाचा संबंध संपला, घटस्फोटसुद्धा इतक्या पटकन होत नाही. तिचा स्वतःचा झालेला आहे, त्यामुळे हसावं की नाही ते कोणालाच कळत नाही.

एवढी वर्षं दुसऱ्यांची घरं काढून ती स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. खिडकी उघडली की समोरच्यांच्या पंख्यातून त्यांचं तळण थेट नाकात. म्हणून काकांनी पाणथळाला लागून जागा पाहिली आणि सगळ्यांनी एकत्र राहायचं ठरलं, तेव्हा ती लहान मुलीसारखी खुलली. पाणथळ राखीव. तारेचं कुंपण, आत पक्षी, बाहेर 'आत जाऊ नये'. काका-काकू, आई-बाबा, मी, आजी आणि ती. तिच्या नकाशात पहिल्यांदाच तिची स्वतःची खोली होती, पूर्वेची, पाण्याकडे तोंड करून. आणि अट एकच: या घराचा घाण थेंबसुद्धा कुंपणापलीकडे जाता कामा नये.

काका मोटारी विकतात. आत्याने पुठ्ठ्याचं मॉडेल आणलं तर त्यांनी बॉनेट उघडावं तसं छप्परच उचललं. "फील घ्या, फील! जाड मातीच्या विटा, एसी लागणारच नाही! पावसाचं पाणी टाकीत, आंघोळीचं झाडांना! मायलेज बघा घराचं!"

आजीने एका चिमुकल्या खोलीत बोट घातलं. "आणि यात नळ कुठंय गं?"

"तो संडास आहे, आई. कोरडा. पाणी नाही घालायचं, वरून लाकडाचा भुसा टाकायचा. वर्षभराने त्याची माती होते."

काकूंच्या तोंडून एक "ईऽऽऽ" निघाला, इतका लांब की शेजारच्या कुत्र्याने त्याला उत्तर दिलं. बाबांनी आवाज खाली आणला. "म्हणजे... ते... तिथेच राहतं?"

"हो."

"वर्षभर?"

"दादा, आत्ता तुझं कुठे राहतं, माहितीये?"

बाबा छताकडे बघायला लागले. काका म्हणाले, "ताई, पाहुण्यांना काय सांगू? आधी थोडा भुसा घ्या, मग चहा घ्या?"

"तिथे हातभर खणलं की पाणी लागतं. खड्डा करा, टाकी पुरा, झिरपणार पाणथळातच. त्या पक्ष्यांनी आपलं काय घोडं मारलंय?"

मग तिने स्वतःच्याच घरी तसा एक डबा बसवला आणि आम्हाला बोलावलं. जेवायला नव्हे. आजी आधी आत गेली. आम्ही ऑपरेशन थिएटरबाहेर उभे असल्यासारखे दाराकडे टक लावून. ती हात धुऊन बाहेर आली.

"वास?" काकूंनी नाक आधीच धरलं होतं.

"सुताराच्या दुकानात गेल्यासारखं वाटलं. याच्या मोज्यांना जास्त येतो," आजी काकांकडे हात करून म्हणाली.

मीही जाऊन आले, श्वास कोंडून. आत किळस यावी असं काही सापडलं नाही. सगळ्यांनी होकार दिला, काकूंनीसुद्धा.

आत्याला दुसरी कामं होती, म्हणून बांधकामावर काकांनी लक्ष ठेवायचं ठरलं. "ताई, टेन्शन नको घेऊ, मी आहे ना!" याच आवाजात ते ठोकलेली गाडी नवी म्हणून दाखवतात.

राहायला जायच्या आधी आम्ही सगळे घर बघायला गेलो. भिंती छान, वारा छान. आणि काकांच्या बाथरूममध्ये चकचकीत कमोड, वर पाण्याची टाकी.

"फक्त पाहुण्यांसाठी गं," काका म्हणाले.

"हे पाणी कुठे जातं?"

"खाली."

आत्याने बटण दाबलं आणि तडक मागच्या दाराने बाहेर पडली. आम्ही तिच्या मागे. कुंपणाच्या तारेखालून पाइपचं तोंड गवतात गेलं होतं. पाइपला हिरवा रंग दिलेला. आधी निळा फेस आला, काकूंनी कमोडच्या टाकीत ओतलेल्या सुगंधी लिक्विडचा. मग जे यायचं ते आलं. काकांनी सकाळीच उद्घाटन उरकलं होतं. एक पाणकोंबडी पिल्लांना घेऊन तिथेच टिपत होती. ती हलली नाही. पिल्लांनी त्यात चोची घातल्या.

"रंग कोणी निवडला?" आत्याने विचारलं.

"काय?"

"पाइपचा."

काका जरा खुलले. "तो हिचा चॉइस. आजूबाजूला मॅच होतो ना."

पाइपला मागे दोन फाटे होते. एक काकांच्या बाजूने येत होता. दुसरा आमच्या. बाबा स्वतःच्या चपला बघत होते. आई मला जवळ ओढून म्हणाली, "अगं, तुझ्या मैत्रिणी येतील, नाकं मुरडतील. तुझ्यासाठीच केलं ना." भुशाच्या डब्यापाशी जे झालं नव्हतं ते तिथे झालं. मला खरंच उलटी आली.

"बंद करा. आजच," आत्या म्हणाली.

"जाऊ दे ना आता, टाइल्स बसल्यात," बाबा म्हणाले. "एवढ्याशाने काय होतंय?"

"कोण बघतंय तिकडे?" काका म्हणाले.

"मी बघितलं. तुम्ही नाही केलंत तर उद्या पाणथळाच्या ऑफिसात जाऊन सांगणार."

"सख्ख्या भावांची तक्रार?"

"घर मी काढलंय."

"मग या घरात पाऊल टाकायचं नाही!"

इथे बाबांनी काहीतरी बोलायला हवं होतं. ते बोलले. "तू पण ना, फार ताणतेस."

ती दुसऱ्या दिवशी गेली. ऑफिसातून एक साहेब आले, पान नसलं तरी पान चघळल्यासारखे बोलणारे. "आमच्या नोकरीत पयलीच केश! बहीण तक्रार करते ती वाटणीची. संडासाची? छ्या, छ्या!" पाइप उपटला, दंड झाला, कमोड निघाले, भुसा आला. घर आता तिच्या नकाशात होतं तंतोतंत तसं आहे. ती तेवढी त्यात नाही. पूर्वेच्या खोलीत काकांची व्यायामाची सायकल उभी असते, तिच्यावर टॉवेल वाळतात. कोणी तिला फोन करत नाही. आजी करते, गच्चीवर जाऊन.

परवा काकांच्या शोरूममधले लोक आले होते. काका त्यांना घरभर फिरवत होते. "पाणथळ म्हणजे आमची जबाबदारी! लोक हसले सर, पण मी म्हटलं, कोरडाच बसवणार. व्हिजन लागतं!" पाहुणे माना डोलावत होते. एक बाई तर फोटो काढत होती.

आजी खुर्चीतून म्हणाली, "याचं नाही ते. माझ्या मुलीचं आहे. तिला आम्ही घरात घेत नाही."

पाहुण्यांचे कप हवेतच थांबले.

"आई ना, अशी गंमत करते," काका म्हणाले.

आणि सगळे हसले. बाबा सगळ्यांत मोठ्याने.