तीन पिकअप आणि एक 'अहो'

आमच्या पिकअपला वायरलेस बसवायचं ठरलं, तेव्हा घरात फक्त म्हशीचा विरोध नव्हता. (तिला विचारलं नव्हतं.)

गरज मात्र खरी होती. वेल्ह्याचा बाजार मागं पडून गाडी आमच्या वाडीच्या घाटाला लागली, की मोबाईलचा उपयोग फक्त वेळ बघायला होतो. भोरहून निघालो, टायर बसला, उशीर होईल, यातलं काहीही घरी कळवायचं तर आधी घरी पोचावं लागतं! शेजारच्या दत्ताची आणि किसनची हीच रड. दोघांकडंही पिकअप, दोघांच्याही घरी रोजची बोलणी. शेवटी आम्ही तिघांनी ठरवलं, गाडीत एक आणि घरी एक असे सेट बसवायचे, परवान्याची भानगड नसलेले बघायचे आणि तिघांनी एकदमच घ्यायचे, म्हणजे दुकानदार जरा सैल होईल.

निघताना माझी बायको सुमन एवढंच म्हणाली, "आपलं बोलणं दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार न्हाई, असला बगा."

"व्हय व्हय," मी म्हणालो. (लग्नानंतर माझ्या तोंडून सर्वात जास्त वेळा निघालेला शब्द हाच असावा.)

पुण्याच्या दुकानदारानं काउंटरवर दोन सेट मांडले. एक लहानसा, काळा, बिनबोभाट. त्यात आपला आकडा घातला की फक्त आपल्याच दोन सेटमधलं बोलणं आपल्याला ऐकू यायचं. दुसरा दणकट, चकचकीत, दिवे लागणारा, आणि सोबत गाडीच्या टपावर माणूसभर उंच जाणारी लवलवती एरियल. आकड्याबिकड्याचं नाव नाही.

"दोनीत फरक काय?" दत्तानं विचारलं.

"पहिल्याचा आवाज स्वच्छ आहे. दुसऱ्याचा मोठा आहे."

झालं! पुढचं ऐकायची आम्हाला गरजच उरली नाही. मी दुसरा सेट चालू करून घेतला आणि रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो. मधून बस गेली, दोन रिक्षावाले भांडले, तरी दुकानातल्या किसनचं "हॅलो" मला खणखणीत ऐकू आलं. ते वायरलेसमधून आलं की थेट किसनच्या तोंडून आलं, हे तपासायचं कुणालाच सुचलं नाही.

"पण ह्यात सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू जाईल हो," दुकानदारानं शेवटचा प्रयत्न केला.

"मग जाऊ दे की! आम्हाला काय चोरून बोलायचंय?" मी बाणेदारपणे म्हणालो.

तिघांनी तोच सेट घेतला, तिघांनी एकच चॅनल लावला, आणि आपण पुण्याच्या दुकानदाराला पाणी पाजलं, अशा समजुतीत गावी आलो.

एरियलनं पहिल्याच फेरीत वेल्ह्याच्या बाजारातला एक वाढदिवसाचा फ्लेक्स उचलून आणला. तो परत बांधताना मला एकेका शुभेच्छुकाची माफी मागावी लागली. ते चालायचंच. खरी अडचण घरात होती. मी शिस्तीत नावं ठरवून दिली होती. मी 'गरुड', दत्ता 'वाघ', किसन 'चित्ता'.

"नवऱ्याला पाखराच्या नावानं हाक मारू?" सुमन म्हणाली. "आत्याबाई बसल्यात हितं!"

आत्याबाई म्हणजे माझी आई. ती खरंच सेटला लागून बसायची, कारण तो तिला साधा रेडिओ वाटायचा आणि ती भजन लागायची वाट बघत होती. गरुडाची ही गत, तर खऱ्या नावाचा प्रश्नच नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात सुमननं माझं नाव उखाण्यातच काय ते घेतलेलं, तेही चार बायकांनी दार अडवलं म्हणून! दत्ताच्या आणि किसनच्या घरी वेगळी तऱ्हा नव्हती. म्हणजे डोंगरात तीन गाड्या, तीन घरं, एक चॅनल, आणि तिन्ही घरांतून येणारी हाक एकच. "अहो!"

"अहो, येताना मीठ आणा," असं कुणीतरी म्हणायचं आणि संध्याकाळी तिन्ही घरांत मीठ यायचं. त्यात बोलणं संपेपर्यंत माइकचं बटण दाबून धरायचं असतं, हे आमच्या बायकांच्या अंगठ्यांना पटत नव्हतं. त्यामुळं "अहो" पोचायचं, मधलं गायब व्हायचं आणि शेवटचे एकदोन शब्द पोचायचे. आवाजावरून माणूस ओळखावा, तर सगळेच पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे! मोठे मात्र होते. मिठापर्यंत सगळं निभावलं.

मग चंद्री व्यायला झाली.

चंद्री आमची म्हैस. भाटघरला सुमनचं माहेर, तिथून आणलेली ही रेडी सुमननं स्वतःच्या हातानं भरवून वाढवली होती. तिचं हे पहिलंच वेत. सकाळपासून कळा येत होत्या, पण रेडकू अडलं. एक पाय बाहेर, दुसऱ्याचा पत्ता नाही. मी पिकअप काढली आणि वेल्ह्यातून जनावरांच्या डॉक्टरांना आणायला सुटलो. ओसरीवरच्या सेटचा माइक खिडकीतून गोठ्यात ओढून दिला होता. सुमन चंद्रीच्या मानेला मिठी मारून उभी होती.

"हिला काय झालं तर मला तोंड दाखवू नगा," ती म्हणाली. ती गंमत करत नव्हती.

डॉक्टर जागेवर सापडले. त्यांना गाडीत कोंबून मी घाटाला लागलो, आणि पहिल्याच वळणावर सेट खरखरला.

"अहो... खर्रर्र... ओढू का?"

सुमन! मी माइककडं हात नेतोय तोवर दत्ताचा आवाज गरजला. तो पानशेतला माल टाकून खिंडीतून परत येत होता. आभाळ भरून आलं तर गवताच्या गंजीवर ताडपत्री ओढून घे, असं तो बायकोला सांगून गेला होता. (हे मला नंतर कळलं. त्या दिवशी सगळंच नंतर कळलं.)

"ओढ की! इचारतीस काय? चांगली दम लावून ओढ!"

"ओढू नका म्हणावं!" शेजारी डॉक्टर किंचाळले. "दुसरा पाय आत दुमडला असणार. आत्ता ओढलं तर रेडकू जाईल आणि म्हैसही जाईल!"

एका हातात स्टिअरिंग, एका हातात माइक, समोर वळण आणि वळणावर एसटी! मी एसटीच्या अंगाला घासत गाडी काढली आणि ओरडलो, "ओढू नको! सोड! सोड म्हणतो ना!"

या आज्ञेचं तत्काळ पालन झालं. दत्ताच्या अंगणात!

"अहो, सोडली... खर्रर्र... मामंजी खाली गावलं!"

मी गाडी उभीच केली. मामंजी म्हणजे सासरे. सुमनचे सासरे म्हणजे माझे वडील. आबा म्हशीखाली!

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"वडील म्हशीखाली सापडले!"

"अहो, मी जनावरांचा डॉक्टर आहे!" ते म्हणाले, आणि मग माझा चेहरा बघून, "बरं चला, चला, बघू काहीतरी."

(ताडपत्रीखाली दत्ताचे वडील सापडले होते. ते आतून शिव्या देत होते, म्हणजे तब्येत ठणठणीत होती.)

मी गाडी पुन्हा दामटली आणि माइकमध्ये "आबा! आबा!" असा टाहो फोडला. बटण दाबून धरल्यावर आपल्याला दुसऱ्याचं काहीही ऐकू येत नाही, हे मी तिन्ही बायकांना शिकवलं होतं. आता डॉक्टरांना माझा अंगठा बटणावरून उचकटावा लागला. लगेच पुन्हा बाईचा आवाज आला.

"अहो... खर्रर्र... का थांबू?"

आता किसन जागा झाला. तो खाली खाचरात भाताची पोती भरत होता. बायको आपल्यासाठी जेवायची खोळंबली आहे, असा त्याचा प्रेमळ समज झाला.

"थांबू नगं! उरकून घे!"

"सोडलीस कशाला? ओढ म्हणलं ना!" हा दत्ता.

"भाकरी झाकून ठेव!" हा पुन्हा किसन.

"म्हशीला उभी करा म्हणावं, उभी!" हे डॉक्टर. पण ते नुसतेच माझ्या कानात, कारण माइक माझ्या मुठीत आणि चॅनल कुणालाच मोकळा मिळत नव्हता. मला रडू फुटायच्या बेतात होतं. तिकडं ती एकटी, रेडकाच्या एका पायाला हात लावून, नवऱ्याच्या शब्दाची वाट बघत उभी. आणि तिला नवऱ्याच्या आवाजात काय ऐकू येतंय, तर ओढ, सोड, उरकून घे आणि भाकरी झाकून ठेव!

आणि मग ते झालं. बटण नीट दाबून, एकही शब्द न गळता, डोंगर हलेल अशा आवाजात झालं.

"संपत! ए संपत! ओढू का नगं, त्ये येकदाच सांग की रं!"

चॅनल गार पडला. सेटला लागून बसलेल्या माझ्या आईचं काय झालं असेल, याची कल्पनाही करवेना. सकाळपासून पहिल्यांदाच वाट मोकळी मिळाली होती आणि मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. डॉक्टर कोपरानं ढोसत होते. मी माइक तोंडाशी धरला, घसा साफ केला. पण त्या आवाजात माझं नाव, आणि पुढं 'रं'! डोकंच चालेना. मी अत्यंत अदबीनं विचारलं,

"कोण बोलतंय आपण?"

डॉक्टरांनी माइक हिसकावला. "मी डॉक्टर बोलतोय. काहीही ओढू नका. म्हशीला उठवून उभी करा, मागची बाजू उंचावर राहू द्या. आम्ही पोचतोच आहोत. आणि बाकीच्यांनी आपापले अंगठे काढा!"

"व्हय डॉक्टर," सुमन म्हणाली. एवढंच काम होतं, आणि ते माझ्याच्यानं झालं नव्हतं.

घरी पोचलो तर आबा गोठ्याच्या दारात तंबाखू मळत उभे. मी पळत जाऊन त्यांना मिठी मारली. "ह्याला काय झालं आता?" आबा तंबाखू सांभाळत म्हणाले. डॉक्टर बाह्या सरसावत आत गेले. त्यांच्यामागून आबा गेले, आईही गेली. मला पाणी तापवायला सांगितलं गेलं, आणि खरं सांगायचं तर आत जायची माझी हिंमतही नव्हती. आतून चंद्रीचं कण्हणं ऐकू येत होतं. मग डॉक्टरांचं "आला, दुसरा पाय आला, आता धरा, सावकाश". मग काहीच नाही. ते काहीच नाही फार लांबलं. चुलीपुढं बसून मी सहाही सेट धरणात सोडायचा नवस बोललो. (दत्ताला आणि किसनला न विचारता.)

मग आत काहीतरी शिंकलं. बारीक, ओलं, रागावलेलं.

मी बादली उचलून दारात धावलो. रेडी झाली होती! चंद्री उभी राहून तिला चाटत होती. सुमन तिथंच शेणात फतकल मारून बसली होती, हात कोपरापर्यंत भरलेले, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंडावर हसू. एवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. हसू गेलं. तिनं डोक्यावरचा पदर मनगटानं नीट केला आणि अगदी शांतपणे विचारलं,

"कोण पायजे आपल्याला?"

आबा, आई, डॉक्टर, सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि मी, हातातली बादली तशीच धरून, वडिलांच्या नावासकट माझं पूर्ण नाव सांगितलं.